हातातलं वजन

गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहत होतो. नळ खाली रस्त्याला, खोली वर. मधल्या पायऱ्या कुणी बांधलेल्या नव्हत्या, माणसांच्या पायांनीच पडलेल्या होत्या. आई डोक्यावर दोन हंडे आणि कमरेला कळशी घेऊन चढायची आणि वर आल्यावर धापसुद्धा टाकायची नाही. बाबा गिरणीत साचेखात्यात, मागांवर होते. संप मिटेल म्हणून आधी गणपतीपर्यंत वाट बघितली, मग दिवाळीपर्यंत, मग शिमग्यापर्यंत. तो मिटला नाहीच, नुसता विरत गेला. गाववाल्या एकाकडून बाबा गाडी शिकले आणि दुसऱ्याच्या टॅक्सीवर अर्ध्या शिफ्टला जायला लागले. दुसरी अर्धी त्या मालकाचा पुतण्या चालवायचा. घरात पेजेबरोबर सुकट असली तर तो चांगला दिवस. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सायन्सला. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं, आणि "चेडवाक कित्याक एवढां शिकवतंस?" असं बाबांना गावाहून आलेला प्रत्येक माणूस विचारून जायचा. बाबा म्हणायचे, "शिकतेय तर शिकू दे." एवढंच. त्यांचं बोलणं कायमच तेवढंच असायचं.

अशा दिवसांत माझी बहीण झाली. माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी. आईला आधी लाजच वाटली. लेक लग्नाला आली आणि आई बाळंत, म्हणून ती नळावर जायची वेळसुद्धा बदलत होती. पण पोरगी अशी हसरी झाली की लाज कुठल्या कुठे गेली. डोंगरावरच्या सगळ्या घरांत तिला उचलून नेत. उड्या मारत चालायची, चालताना स्वतःच टाळ्या वाजवायची.

ती दोन वर्षांचीही नव्हती. मुलुंडला बाबांच्या चुलतभावाच्या घरी साखरपुडा होता. बाबांनी मालकाला विचारून दिवसभरासाठी टॅक्सी मागून घेतली. आम्हाला केवढी ऐट! मागे आत्या, आत्याच्या दोन मुली, मी आणि आणखी एक शेजारीण. पुढे आई, मांडीवर माझी बहीण. मागे बसलं की लहान मुलांना उलटी होते, पुढे वारा लागतो, म्हणून आईनं पुढेच बसायचं असं सगळ्यांनीच ठरवलं. आमच्यात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आईची मांडी म्हणजे पोराची जागा. त्याहून सुरक्षित काय असणार?

भांडुपच्या आसपास पुढचा ट्रक एकदम थांबला. बाबांनी ब्रेक मारला, पण गाडी ट्रकला लागलीच. फार जोरात नाही. एक दिवा फुटला. काच तडकलीसुद्धा नाही. मागे आम्ही एकमेकींच्या अंगावर पडलो आणि आत्याची मोठी मुलगी हसायला लागली, ते हसू मला अजून ऐकू येतं. कारण त्याच वेळी पुढे बहीण आईच्या मांडीवरून सुटून समोरच्या लोखंडी पट्टीवर आपटली होती. रक्त आलं नाही. ती रडलीपण नाही. हॉस्पिटलात नेली. संध्याकाळपर्यंत होती, मग नव्हती.

भेटायला आलेल्या बायकांत आत्यानं ते वाक्य टाकलं. "आमची पण पोरं होती मागे. आईच्या हातातून पोर सुटतं कसं गं?"

कुणी आत्याला "असं बोलू नये" म्हटलं नाही. बाबा दारात बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. आणि आईनं स्वतःच्या हातांकडे असं बघितलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

त्यानंतर ती कधी गाडीत बसली नाही. मुलुंड असो, परळ असो, ट्रेन आणि पाय. आणि पुढच्या वर्षांत तिनं कुणाचंही मूल उचलून घेतलं नाही. चाळीत, आळीत बारशी होत. आई लाडू वळायला, वाती करायला पुढे. पाळण्यात बाळ घालायची वेळ आली की स्वयंपाकघरात. लोकांना कळायचं. काहींना त्यात बरंही वाटायचं, हे मी स्पष्टच सांगते.

मी बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. मुलुंडच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले. गावच्या आमच्या वाडीत मी पहिली पदवीधर, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. पण नववीला दर वर्षी जडत्वाचा धडा यायचा. पुस्तकात उदाहरण होतं: धावती बस एकदम थांबली की आतले प्रवासी पुढे झुकतात. मुलं घोकायची, "पुढे झुकतात, पुढे झुकतात." मी फळ्याकडे तोंड करून खडू शोधत राहायचे.

लग्न होऊन मी बोरिवलीला गेले. तोवर बाबांची स्वतःची टॅक्सी झाली होती, जुनीच, पण परमिट त्यांच्या नावावर. घर डोंगरावरून खाली आलं होतं. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आणि मला मुलगी झाली.

आईनं काय केलं नाही? डिंक, आळीव, शेपूची भाजी, शेगडी, धुरी, रात्रंदिवस उठबस. पण बाळाला हात लावला नाही. न्हाऊ घालायला बाई ठेवली. बाळ रडलं तर मला हाक मारायची, "गो, उठ, तुझां रडता." मी टॉवेल आणायला गेले तरी ती पाळण्याची दोरी हलवत उभी राहायची, आत हात घालायची नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "आई, ती काय निखारा आहे?"

"माझे हात नकोत तिला," ती म्हणाली. आणि तांदूळ निवडायला बसली.

मला दुसरं काही नको होतं. मुलीला तिची आजी हवी होती, आणि माझ्या आईला तिचे हात परत मिळायला हवे होते. हे कसं करायचं ते मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हतं.

तेवढ्यात माझे मोठे दीर मस्कतहून सुट्टीवर आले आणि येताना बाळासाठी एक सीट घेऊन आले. गाडीत बसवायची. टोपलीसारखी, आत मऊ गादी, खांद्यावरून आणि पायांमधून पट्टे. आख्खी आळी बघायला. शेजारच्या काकूंनी पट्टे ओढून बघितले आणि म्हणाल्या, "पोरगी काय चोर आहे का गं, बांधून न्यायला?" आत्या आली होती, ती म्हणाली, "शिकलेल्यांची थेरं. आणि तोंड मागे करून बसवायचं म्हणे! आईची मांडी काय झिजते?"

मांडी हा शब्द आत्यानं उच्चारला आणि आई उठून आत गेली.

सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत सगळं लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. सीट मागेच ठेवायची, पुढे कधीच नाही. बाळाचं तोंड गाडीच्या पाठीकडे. आणि सीट धरून ठेवणारा पट्टा हा गाडीच्या सांगाड्याला पक्का हवा. इथेच घोडं अडलं. बाबांच्या गाडीत मागे पट्टे नव्हतेच. कुणाच्याच नव्हते त्या काळात.

बाबांनी त्यांच्या पद्धतीनं सोडवलं. नायलॉनची दोरी घेतली आणि सीट मागच्या बाकाच्या गादीला करकचून बांधली, टपावर सामान बांधतात तशी. "हलव आता," म्हणाले. खरंच हलत नव्हती. मी म्हटलं, "बाबा, पण ही गादी कशाला धरून आहे?" मग आम्ही त्यात तांदळाची पिशवी पट्ट्यांत अडकवली आणि मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी एक जोरात ब्रेक मारला. मागची गादीच उचकटून पुढे आली, सीट, पिशवी, दोरी सगळ्यासकट. जुन्या गाड्यांत ती गादी नुसती ठेवलेली असते.

बाबांनी गाडी मरोळच्या गावठाणातल्या आपल्या मेकॅनिककडे नेली. त्याचं गॅरेज म्हणजे घराच्या पडवीपुढे ताडपत्री आणि मागे क्रूस. तो बाबांना काका म्हणायचा. मला बघून म्हणाला, "काय ताई, टॅक्सीत पट्टे? पॅसेंजर बसला की इचारील, काका, इमान कधी सुटतंय?"

"सुटू दे की," मी म्हटलं. "तू पट्टे लाव."

त्यानं भंगारातून काढलेले पट्टे आणले होते, एका ठोकर खाल्लेल्या परदेशी गाडीचे. ते मी घेतले नाहीत. एकदा ठोकर झेललेला पट्टा आतून ताणलेला असतो, पुस्तिकेत तसं होतं. तो म्हणाला, "तुम्ही कडक हां मास्तरीणबाई." नवे आणवले. मागची गादी काढल्यावर खालचा पत्रा दिसला आणि आमचे चेहरे पडले. कैक पावसाळ्यांचं पाणी पिऊन तो पापडासारखा झाला होता. त्यात नुसता बोल्ट घातला तर तो पत्र्यासकट उपटून आला असता. मेकॅनिकनं कुजलेलं खरवडून काढलं, खालून जाड पट्टीचा तुकडा वेल्डिंगनं जोडला आणि मग त्यातून बोल्ट, मोठ्या वायसरसकट, वर काढले. मी आत गुडघे टेकून, सगळं वजन बाळाच्या सीटवर टाकून पट्टा आवळला. मग धरून हलवली. गाडी हलली, सीट गाडीतल्या गाडीत हलली नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जित्या माणसाक बांधत नाय गो. बांधतत ता तिरडीवर."

"मग झोळी?"

"झोळी आढ्याक बांधतत. पोराक नाय."

मी तिला समजावायला बसले. गाडी थांबते, आतलं माणूस थांबत नाही. ते त्याच वेगानं पुढे जातं. तेव्हा त्याचं वजन कितीतरी पटींनी जास्त लागतं, हात पुरत नाहीत, कुणाचेच. मी वर्गात शिकवते तसं, पेल्याखालचा कागद झटकन ओढून दाखवत. आई म्हणाली, "तुझ्या पुस्तकातलां माका सांगू नको. मी आई होतंय तिची. माझ्या हातातसून गेली."

मी पेला उचलून ठेवला.

दोन दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "ती गाडी ठोकून दाखवतलात?" मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "तांदूळ घालून दाखवलां ना बाबांनी. आता माका धरू दे."

बाबा म्हणाले, "येडी झाली काय?" पण ती उठून शबनम पिशवीत तांदूळ भरायला लागली होती. थोडे भरले, दोन्ही हातांत उचलून बघितली. "नाय." आणखी घातले. उचलली, छातीशी धरली, डोळे मिटले. "अजून थोडे." मी डब्यातून वाटीनं घालत होते आणि माझ्या लक्षात आलं की ती काय करतेय. माझ्या बहिणीचं वजन कुणी शेवटचं कधी केलं होतं? कुठल्याच कागदावर ते नव्हतं. आईच्या हातांत होतं. एवढी वर्षं. शेवटी ती म्हणाली, "बस. एवढीच." आणि पिशवीला पदर गुंडाळला.

गॅरेजच्या मागे थोडा उतार होता आणि उताराच्या टोकाला भिंतीशी मेकॅनिकनं जुने टायर रचले. आई कितीतरी वर्षांनी गाडीत बसली. मागे. कमरेला नवा पट्टा मी आवळला, "आवळ," ती म्हणाली, "माका काय होत नाय." पिशवी मांडीवर, दोन्ही हातांची कडी घालून. हंडे उचलणारे हात ते. मी खिडकीशी वाकून सांगितलं, "आई, आता लागणार आहे. तुला माहीत आहे. घट्ट धर." तिनं मान हलवली. ओठ दाबले होते.

बाबांनी इंजिन न लावता गाडी उतारावर सोडली. माणूस जोरात चालतो त्याहून जरा जास्त, बस. टायरांवर लागली तेव्हा आवाजसुद्धा फारसा नाही झाला, धप्प असा. आई पुढे झुकली, पट्ट्यानं धरली. आणि पिशवी तिच्या हातांच्या कडीतून निसटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली आणि खाली तांदूळ सांडले.

आई आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "परत." मेकॅनिकनं गाडी मागे ढकलली. मी उरलेले तांदूळ गोळा करून पिशवीचं तोंड बांधलं. परत धप्प. परत गेली. आईनं तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा बाबांनी दार उघडलं आणि खाली उतरले.

"ट्रकला मी ठोकलं होतं," ते म्हणाले. आईकडे न बघता, टायरांकडे बघत. "तुझे हात काय करणार त्याला."

मी बाबांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मेकॅनिक उगाचच घरात गेला.

"आत्ता सांगतात," आई म्हणाली. रागानं नाही. मग तिला रडू फुटलं, आणि ते रडणं भांडुपच्या त्या दिवसाचं होतं, तेव्हा न रडलेलं. आम्ही तिला थांबवलं नाही. खाली वाकून मी एकेक दाणा वेचत बसले.

मला वाटलं होतं, घरी आल्यावर ती धावत जाऊन बाळाला घेईल. तसं काही झालं नाही. काकूंकडून बाळ मीच घेतलं. आईनं आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि भात टाकला. आत्याला कुणी काही सांगायला गेलं नाही. सांगूनही तिनं ऐकलं नसतं. ती शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली.

निघायच्या दिवशी सकाळी मी पिशव्या भरत होते. आई पाळण्यापाशी उभी होती. दोरी हलवत नव्हती. मग तिनं वाकून, दोन्ही हात खाली घालून, बाळाला उचललं. एकदम छातीशी नाही धरलं. आधी तसंच हवेत धरून राहिली, जरा लांब, जशी ती पिशवी धरली होती तशी. "हलकी आहे गो," म्हणाली. खाली गाडीपर्यंत तीच घेऊन गेली. सीटमध्ये ठेवली. खांद्यावरचे पट्टे, पायांमधला पट्टा, मला एकेक विचारून तिनंच लावले आणि बोट घालून बघितलं की सैल नाहीत, रुततही नाहीत. काकू म्हणाल्या, "बांधलीत शेवटी!" आई म्हणाली, "होय. बांधली."

ती बाळाच्या शेजारी बसली, कमरेला दुसरा पट्टा. मी पुढे बाबांजवळ. अंधेरी गेली, गोरेगाव गेलं. रस्त्यावर बैलगाड्यांपासून बेस्टच्या बसपर्यंत सगळं होतं आणि बाबा अशी गाडी चालवत होते की मागचे हॉर्न वाजवून शिव्या देत होते. मालाडच्या पुढे आईनं विचारलं, "तेव्हा अशी सीट असती तर?"

खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "असती तर बहुतेक वाचली असती, आई."

बाबांनी ऐकलं. गाडी तशीच हळू चालत राहिली. आईनं एक हात सीटच्या कडेवर ठेवला आणि तो तिथेच राहिला.

दुपारी आम्ही बोरिवलीला पोचलो. एका जुन्या टॅक्सीच्या मागच्या बाकावर, खालून पत्रा जोडून बसवलेल्या पट्ट्यांत माझी मुलगी घाटकोपरहून बोरिवलीपर्यंत झोपून आली, आणि तिला पट्टे सोडून गाडीबाहेर काढलं ते माझ्या आईनं.